माग विकत मिळतो, जॉबर नाही

कापडाच्या धंद्यात कोल्हापूर आणि इचलकरंजी ही एकाच घराची दोन दारे आहेत. कापड तिकडे विणायचे आणि इकडे विकायचे, हा रिवाज आमच्या वडिलांच्या काळापासूनचा. आमचे निम्मे आयुष्य या तीसेक किलोमीटरच्या रस्त्यावर गेले. या रस्त्याच्या त्या टोकाला गेल्या पंचवीस वर्षांत जे बदलले ते आज वाचक बंधूंपुढे ठेवावेसे वाटते. हा प्रश्न फक्त मागवाल्यांचा नाही. शिंपी, चांदीकाम करणारे, चप्पल शिवणारे, गॅरेजवाले आणि आमच्यासारखे गादीवर बसणारे व्यापारी, सर्वांच्याच उंबऱ्यावर तो येऊन उभा आहे. नवे यंत्र दारात येते, त्याचे पैसे आपण कसेबसे जमवतो. पण त्या यंत्रावरचा माणूस कोण तयार करतो?

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला. गावचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला आश्रय दिला. तोवर सारे हातमागाचे राज्य होते. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात सूतकताई व विणकामाची गिरणी काढली. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण त्याच १९०६ साली महाराजांनी कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची सोय केली, हे आपल्या लोकांनाही अनेकदा सांगावे लागते. गिरणी आणि शाळा एकाच वर्षी! गिरणी पुढे बंद पडली. शिक्षणाचे काय झाले, याचा हिशेब आपला आपण करायचा आहे.

आता मागाकडे येऊ. ज्यांनी कधी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे खुलाशाने लिहितो.

साधा यंत्रमाग म्हणजे धोट्याचा माग. लाकडी धोट्यात सुताची कांडी असते, आणि तो धोटा उभ्या धाग्यांमधून या बाजूचा त्या बाजूला फेकला जातो. मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे वेळा. कांडी संपली की कामगाराने माग थांबवून नवी कांडी घालायची आणि माग पुन्हा सुरू करायचा. उभा धागा तुटला तर ते डोळ्याने पाहायचे, कारण साधा माग स्वतःहून काही सांगत नाही. एक कामगार असे चार, सहा, आठ माग सांभाळतो. त्याच्या पाठीमागे कांड्या भरणारा कांडीवाला असतो. बीम संपले की जुन्या धाग्याला नवा धागा जोडणारा वहिफणीवाला येतो. कापडाच्या घड्या घालणारा असतो, हिशेब ठेवणारा दिवाणजी असतो. आणि या सगळ्यांवर जॉबर. माग बिघडला की जॉबर. पाना, हातोडी आणि कान, एवढीच त्याची हत्यारे. होय, कान! शंभर मागांच्या खडखडाटात एक माग वेगळा वाजतो आहे हे त्याला दारातूनच कळते.

नव्या बिनधोट्याच्या मागात यातले बहुतेक काम निघून गेले. रेपियर मागात धोट्याऐवजी दोन हात असतात. एक हात आडवा धागा मध्यापर्यंत आणतो, दुसरा तो धरून पलीकडे नेतो. एअरजेटमध्ये तर हवेचा झोतच धागा उडवून नेतो. रेपियर मिनिटाला चारशे-पाचशे फेऱ्या करतो, एअरजेट त्याहून पुष्कळ अधिक. सूत थेट मोठ्या कोनावरून येते, म्हणजे कांडी गेली आणि कांडीवालाही गेला. प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची बारीक पट्टी लटकते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. वर रंगीत दिवा लागतो, पडद्यावर आकडा येतो. धागे जोडायला गाठी मारणारे यंत्र आले, मिनिटाला काहीशे गाठी. वहिफणीवाल्याचे बोट कितीही चपळ असले तरी या यंत्राशी त्याची शर्यत होऊच शकत नाही.

यंत्रावर रागावून उपयोग नाही. फ्रान्समधील लिऑन शहरात जॅकार्ड यांनी १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला, तेव्हा तिथल्या विणकरांनीही विरोध केला होता. तो माग राहिला. इतकेच नव्हे, भोके असलेल्या पुठ्ठ्याने यंत्राला हुकूम देण्याची ती युक्ती पुढे संगणकापर्यंत पोहोचली. संगणकाच्या घराण्यात विणकराचा हा वाटा आहे. आपली मुले संगणकाला परका समजतात, त्यांना हे जरूर सांगावे.

केंद्र सरकारने १ एप्रिल १९९९ पासून वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू केली. तिचे पुढचे सुधारित रूप मार्च २०२२ पर्यंत चालले. या वर्षांत नव्या आणि परदेशातून आलेल्या जुन्या बिनधोट्याच्या मागांनी इचलकरंजी परिसरातील शेड भरू लागल्या. साधे माग भंगारात वजनावर गेले. योजना होती यंत्रासाठी, आणि आम्ही मालकांनीही यंत्राचाच विचार केला. यात आमची स्वतःची चूक काय झाली ती सांगतो.

२००८ च्या सुमारास आम्ही भागीदारीत काही जुने रेपियर माग घेतले. आमच्या साध्या मागांवर एक जॉबर चाचा होते. तीस वर्षांचा अनुभव, चौथीपर्यंत उर्दू शाळा, पुढे उस्तादाच्या हाताखाली. नवे माग बसवायला पुरवठादाराचा मेकॅनिक आला. त्याने विचारले, शिकवायचे कोणाला? आम्ही बारावी झालेली दोन पोरे पुढे केली. चाचांना जुन्या मागांवरच ठेवले. कारण? पडद्यावर इंग्रजी होते. त्यांना विचारलेसुद्धा नाही. मेकॅनिक चार दिवस शिकवून गेला.

पहिले काही महिने कसे गेले ते आमचे आम्हाला माहीत. एक माग दर थोड्या वेळाने थांबायचा. पडदा सांगायचा, आडवा धागा उजव्या टोकाला पोहोचत नाही. पोरांनी पुस्तक पाहून सेन्सर बदलला. परत तेच. दुसरा बदलला, तिसरा बदलला. फोनवर फोन. सेन्सर महागाचा आणि माग बंद राहिल्याचे नुकसान वेगळे. त्या मागावरचा एक लॉट पुढे दोषांसाठी परतही आला. एका संध्याकाळी चाचा आपली पाळी संपवून त्या मागाजवळ नुसते उभे राहिले. उभ्या धाग्यांवर तळहात फिरवला, अगदी आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. म्हणाले, "किनारीचे धागे ढिले आहेत. दार साफ उघडत नाही. तुमचा तो हात धाग्यात अडकतो, म्हणून सूत मध्येच सुटते." पोरांनी किनारीचा ताण नीट केला. माग चालला.

पडद्याने खोटे सांगितले नव्हते. धागा खरोखरच पोहोचत नव्हता. पण का पोहोचत नाही हे पडद्याला ठाऊक नव्हते, ते चाचांच्या तळहाताला ठाऊक होते. आणि पडदा काय म्हणतो ते चाचांना वाचता येत नव्हते. एकाजवळ अर्धी विद्या आणि दुसऱ्याजवळ उरलेली अर्धी, आणि दोघांना आम्ही दोन शेडमध्ये ठेवले होते!

त्या दिवसानंतर तरी शहाणपण यावे की नाही? आले, पण उशिरा. चाचांना आम्ही शाबासकी दिली, पगार दिला नाही. नव्या मागावरच्या पोरांना अधिक मिळत होते, चाचांना जुनाच दर. २०११ मध्ये शेवटचे साधे माग भंगारवाल्याने नेले आणि चाचा सलाम करून घरी गेले. सहा महिन्यांनी आम्ही त्यांना बोलवायला गेलो. आले, दोन वर्षे पोरांबरोबर राहिले, मग नजर कमी झाली. त्यांच्या मुलाला आम्ही विचारले, वडिलांचे काम शिकतोस का? तो तेव्हा रिक्षा चालवू लागला होता. म्हणाला, "अब्बांनी तीस वर्षे शिकून काय मिळवले?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आपल्या समाजात उस्ताद-शागीर्द ही पद्धत फार जुनी आणि फार चांगली. मालेगाव, भिवंडी, मुंबईतील मदनपुरा येथील मोमीन विणकरांनी याच पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या हुनर टिकवला. १८५७ नंतर उत्तरेकडून मालेगावला आलेल्या विणकर कुटुंबांनी बरोबर मोठी दौलत आणली नव्हती, हात आणले होते. पण या पद्धतीची खोट अशी की उस्ताद जे जाणतो ते लिहून ठेवत नाही, आणि शागीर्दाजवळ तो शिकला याचा कागद नसतो. शिवाय लहान पोराला शाळेतून काढून कारखान्यात बसवण्याची जी सवय आपल्यात होती, ती कायद्याने गुन्हा आहेच, पण धंद्याच्या हिशेबानेही तोट्याची आहे. हात शिकतो आणि डोळा अडाणी राहतो. आजच्या यंत्राला दोन्ही लागतात.

आम्ही स्वतः उर्दू माध्यमातून शिकलो. त्याचा अभिमान आहे. पण आयटीआयचा अर्ज मराठीत किंवा इंग्रजीत, यंत्राचे पुस्तक इंग्रजीत आणि शेडमधला कारभार मराठीत, ही वस्तुस्थिती आहे. उर्दू शाळेतील मुलगा हुशार असूनही तिथे चाचरतो आणि मग मागे सरतो. त्याला दहावीपर्यंत सफाईने मराठी लिहिता आली पाहिजे आणि इंग्रजीचे निदान यंत्रावरचे शे-दोनशे शब्द वाचता आले पाहिजेत. यासाठी मोठी संस्था लागत नाही. मोहल्ल्यातील एखादा शिक्षक आणि संध्याकाळचा एक तास पुरतो.

सर्वच कौशल्ये महाग यंत्रावरची नसतात. एक असे सांगतो की ज्याला पट्टी, उजेड आणि कागद-पेन्सिल पुरते. परदेशी माल घेणारे आणि मोठे कपडे कारखाने कोरे कापड 'चार गुणांच्या पद्धती'ने तपासतात. आमच्याकडच्या कितीतरी खर्चीवाल्यांना, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्यांना, आपला माल कोणत्या मापाने नापास झाला तेच कळत नाही. ते समजतात, व्यापाऱ्याने भाव पाडायला बहाणा केला. कधी कधी तसे असतेही! पण माप असे आहे :

दोष ३ इंचांपर्यंत लांब असेल तर १ गुण. ३ ते ६ इंच असेल तर २. ६ ते ९ इंच असेल तर ३. त्याहून लांब असेल तर ४. मोठे भोक असेल तर सरळ ४. एका वारात कितीही दोष असले तरी चारपेक्षा अधिक गुण धरत नाहीत. हे गुण म्हणजे शाळेतले गुण नव्हेत, जितके जास्त तितके वाईट. सर्व गुणांची बेरीज करून तिला ३६०० ने गुणायचे, आणि कापडाचा पन्हा इंचात व लांबी वारात घेऊन त्यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर येते ते १०० चौरस वारातील गुण. साधारणपणे ४० पर्यंत माल पास धरतात. काही गिऱ्हाईक याहून कडक असतात, तेव्हा सौदा करतानाच विचारून घ्यावे.

उदाहरण घेऊ. तागा १०० मीटरचा, म्हणजे सुमारे १०९ वार. पन्हा ६३ इंच. तपासणीत ६० गुण लागले. ६० गुणिले ३६०० म्हणजे २,१६,०००. त्याला ६३ गुणिले १०९, म्हणजे ६,८६७ ने भागले की साडेएकतीसच्या आसपास येतात. माल पास. तोच ८० गुण लागले असते तर ४२ च्या जवळ गेला असता आणि परत आला असता. पास आणि नापास यात वीस गुणांचा फरक, आणि वीस गुण म्हणजे हातभर लांबीचे पाच दोष. दर पाळीत पाच वेळा माग वेळेवर थांबला असता तर टळले असते. हे गणित कामगाराला शिकवून पाहा. आमच्या शेडमध्ये आम्ही तागा तपासायच्या टेबलाशी हा हिशेब मराठीत आणि उर्दूत लिहून लावला आहे. तेव्हापासून विणणारा स्वतः येऊन विचारतो, माझ्या ताग्याला किती लागले?

हजरत दाऊद (अलै.) यांना लोखंडाची चिलखते करण्याचा हुनर दिला गेला आणि त्यातील कड्या बेताच्या, मापात जोडण्याची सूचनाही मिळाली, असा उल्लेख कुरआन शरीफमध्ये आहे. माप सांभाळणे हा कारागिरीचाच भाग आहे, ते व्यापाऱ्याने कारागिरावर लादलेले ओझे नव्हे.

व्यापारी बंधूंनी मात्र हे वाचून निश्चिंत होऊ नये. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. कापडावर त्याआधी असा कर भरायची आपल्याला सवय नव्हती. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी तर दुकाने बंद ठेवून मोठे आंदोलन केले. पुढे १ एप्रिल २०१८ पासून परराज्यातील मालासाठी ई-वे बिल आले. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीला ई-इन्व्हॉइस लागू झाले. आमचे दिवाणजी लाल वहीत चाळीस वर्षे पै न चुकवता लिहिणारे. पहिल्याच महिन्यात ते म्हणाले, "मला सोडा." या वेळी आम्ही चूक केली नाही. त्यांच्या शेजारी संगणक जाणणारी एक मुलगी बसवली, आपल्याच समाजातील, बी.कॉम. झालेली. सहा महिने दोघे एका टेबलावर. ती कळा दाबायची, ते म्हणायचे, "हा पार्टीवाला दर मार्चला माल परत करतो, आधी विचार." ती आज आमचा सारा हिशेब सांभाळते आणि पार्टी ओळखते. दिवाणजी आता मोबाइलवर बिल पाहतात आणि त्यात चूक काढल्यावर फार खूश होतात.

आता सोयींबद्दल. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे सक्तीचे आहे, चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ऐच्छिक. हे ऐच्छिक कलम आपल्यासारख्या लहान कारखानदारांच्या फारच थोड्या उपयोगात आले आहे. २०१६ मध्ये आलेल्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्राने उचलायचे ठरले. उमेदवाराला शेवटी प्रमाणपत्र मिळते. चाचांजवळ जे नव्हते ते हेच.

वस्त्रोद्योगातील प्रशिक्षणासाठी 'समर्थ' योजना डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाली. तिच्यासारख्या योजनांची पुढची तुकडी कधी, हे इचलकरंजीच्या यंत्रमाग सेवा केंद्रात जाऊन विचारावे. घरी बसून वर्तमानपत्रात वाचण्याची वाट पाहू नये. डीकेटीई ही संस्था १९८२ पासून इचलकरंजीतच आहे, वस्त्रनिर्मितीचे पदविका आणि पदवी शिक्षण देते. दुसऱ्या राज्यांतील मुले तिथे येऊन राहतात, आणि आपली मुले बसने अर्ध्या तासावर असून गणित कच्चे म्हणून दरवाजाशी अडतात. ही गोष्ट आम्हाला फार टोचते.

शिंपी, लोहार, सोनार, चर्मकार, न्हावी, गवंडी अशा १८ कामांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. यंत्रमाग कामगार त्या यादीत नाही, हे लक्षात ठेवा आणि दलालाला पैसे देऊ नका. पण आपल्यातले शिंपी पुष्कळ आहेत. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, असे तिचे स्वरूप ठरले. कर्जाचा भाग वेगळा आहे आणि त्यावर ५ टक्के व्याज आहे. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी कर्ज घेऊ नये, पण कर्ज नको म्हणून प्रशिक्षण आणि हत्यारेही सोडून देणारे लोक आम्ही पाहिले. तसे करण्याचे कारण नाही.

चाचांनी त्या शेवटच्या दोन वर्षांत एक वही ठेवली होती. आम्हीच आग्रह केला होता. उर्दूत, मोठ्या अक्षरांत. पडद्यावर कोणता आकडा आला, पोरांनी काय केले, खरा दोष कुठे निघाला. कुठे आवाजाचे वर्णन आहे : 'सुकी खोकली', 'टाळी एका हाताची', 'पाऊस पत्र्यावर'. सुरुवातीला पोरे हसायची. आता त्यातलाच एक पोरगा आमचा मुख्य जॉबर आहे, उर्दू येत नाही. दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर आम्ही वही वाचतो आणि तो ती मराठीत उतरवून घेतो, शेजारी यंत्राच्या पुस्तकातील पान नंबर टाकतो. एकेचाळीस दोष झाले आहेत. वहीची अजून निम्मी पाने बाकी आहेत, आणि काही ठिकाणी चाचांचे अक्षर लागत नाही. तिथे त्यांच्या घरी जाऊन विचारावे लागते. मागच्या खेपेस त्यांचा नातू शेजारी बसून ऐकत होता. नववीत आहे.